कोविडची दोन वर्षं आणि आपली शाळा: लोक परत परत विचारतात ते प्रश्न

मी गोव्यात सत्तरी तालुक्यात एका सरकारी मराठी प्राथमिक शाळेत शिकवते. शाळा लहान, चौथीपर्यंतच, आम्ही दोघी शिक्षिका, पुढे मुलं हायस्कूलला जातात. कोविड जाऊन इतकी वर्षं झाली तरी पालक सभेला, वाळपईच्या बाजारात, बसस्टॉपवर, लग्नाच्या पंगतीत सुद्धा लोक मला त्याच दोन वर्षांबद्दल विचारतात आणि दरवेळी अर्धं उत्तर देऊन बस पकडायची घाई असते. म्हणून एकदा बसून सगळं लिहून काढलं. प्रश्न लोकांनी विचारले तसेच ठेवलेत, टोचणारे आहेत ते पण.

गोव्यात शाळा नेमक्या किती काळ बंद होत्या? कोण म्हणतं आठ महिने, कोण म्हणतं दोन वर्षं.

दोघांचंही खरं आहे, मूल कुठल्या वर्गात होतं त्यावर आहे. १६ मार्च २०२० पासून शाळा बंद झाल्या, तेव्हा आम्हाला वाटलं पंधरा दिवसांचा प्रश्न आहे, फळ्यावरचा सुविचार पण पुसला नव्हता. २२ मार्चला जनता कर्फ्यू, २५ पासून देशभर लॉकडाऊन, आणि २५ तारखेलाच गोव्यात पहिले तीन पेशंट सापडले. दहावी-बारावीचे वर्ग २१ नोव्हेंबर २०२० ला परत सुरू झाले, म्हणजे आठ महिन्यांनी. मग २०२१ च्या एप्रिल-मेमध्ये दुसरी लाट आली आणि परत सगळं ठप्प. १८ ऑक्टोबर २०२१ ला नववी ते बारावीची मुलं आली, जानेवारी २०२२ मध्ये ओमिक्रॉनमुळे परत कुलूप, आणि पहिलीपासून सगळे वर्ग सुरू झाले ते २१ फेब्रुवारी २०२२ ला. मध्ये थोडी उघडझाप झाली असेल, पण प्राथमिकच्या मुलांची जवळपास दोन वर्षं घरात गेली हे नक्की. जी मुलं जून २०२० ला पहिलीत आली त्यांनी आपला वर्ग नीट बघितला तोच मुळी दुसरी संपत आल्यावर. ही मुलं लक्षात ठेवा, कारण पुढे मी परत परत त्यांच्याकडेच येणार आहे.

पण सुरुवातीला गोव्यात केसेसच नव्हत्या ना? मग शाळा का बंद ठेवल्या?

पहिले सात पेशंट एप्रिलमध्ये बरे झाले आणि गोवा ग्रीन झोन झाला हे खरं. पण जूनच्या सुरुवातीला वास्कोत मांगोर हिलवर एकदम केसेस निघाल्या आणि पुढच्या काही महिन्यांत गावागावात पसरलं. आमच्याकडे घरात आजी-आजोबा असतात, मुलाला काही झालं नाही तरी ते घरी घेऊन जाणार ही भीती होती, आणि तेव्हा लसही नव्हती. पहिल्या वर्षी बंद ठेवलं त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती दुसऱ्या वर्षाबद्दल. बार उघडले, मार्केट उघडलं, टुरिस्ट आले, लग्नं झाली, आणि सगळ्यात शेवटी उघडली ती लहान मुलांची शाळा. त्यांना सगळ्यात आधी बोलवायला हवं होतं, कारण अक्षर ओळखायला शिकणं मोबाईलवर होत नाही.

२०२० ला दहावीची परीक्षा कोविडमध्येच घेतली, ते बरोबर होतं का?

परीक्षा एप्रिलमध्ये होणार होती, पुढे ढकलली आणि २१ मे ते ६ जून अशी घेतली. देशात बऱ्याच बोर्डांचं काही ठरत नव्हतं तेव्हा गोवा बोर्डाने पेपर घेतले. माझा भाचा त्या बॅचला होता. वहिनीने भीतीने त्याच्या हॉल तिकिटावर सॅनिटायझर मारला आणि त्यावरची शाई पसरली, मग रडारड, मग शाळेत फोनाफोनी. मास्क लावून, घामाने भिजून, मे महिन्याच्या उकाड्यात त्या मुलांनी पेपर लिहिले. महाराष्ट्रातल्या दोडामार्गकडून गोव्यात शिकायला येणारी मुलं होती, त्यांच्या घरच्यांचा तर हद्द बंद म्हणून जीव टांगणीला.

तेव्हा मी विरोधात होते. आज विचारलंत तर म्हणेन, झालं ते बरं झालं. निकाल ९२.६९ टक्के लागला आणि त्या मुलांना कोणी काही बोलू शकलं नाही. पुढच्या वर्षीच्या मुलांच्या वाट्याला हे पण आलं नाही.

२०२१ ची बॅच म्हणजे फुकट पास झालेली बॅच, असं म्हणतात. त्यांच्या मार्कांना किंमत आहे का?

आहे. सर्टिफिकेट तेच, बोर्ड तेच, कायद्याने त्यात काही कमी नाही. परीक्षा मुलांनी रद्द केली नव्हती. मे २०२१ मध्ये गोव्यात काय चाललं होतं ते आपण सगळ्यांनी बघितलंय, ऑक्सिजनसाठी माणसं फिरत होती, रोज कोणाच्या तरी घरचा फोन यायचा. त्या परिस्थितीत दहावी-बारावीच्या परीक्षा रद्द झाल्या आणि शाळेतल्या मूल्यमापनावर निकाल लागला, दहावी ९९.७२ टक्के, बारावी ९९.४० टक्के. हा आकडा बघून लोक हसले. पण त्या वर्षी घरी बाप अॅडमिट, आई क्वारंटाईन आणि मूल एकटं स्वयंपाक करून ऑनलाइन टेस्ट देतंय अशी घरं मला माहीत आहेत.

एका मुलीची आई मला म्हणाली की इंटरव्ह्यूला विचारलं, तुम्ही कोविड बॅच ना, आणि सगळे हसले. ती मुलगी घरी येऊन काही बोलली नाही, फक्त जेवली नाही. नोकरी देणाऱ्यांनी एवढं तरी करावं, टेस्ट घ्यायची तर घ्या, पण हसू नका.

खरी अडचण मार्कांची नाहीच. ही मुलं अकरावीला गेली तेव्हा तीन तास बसून पेपर लिहायची सवयच गेली होती. हात दुखायचे. त्यानंतरच्या वर्षी, २०२१-२२ ला, बोर्डाने वर्षाचे दोन भाग केले आणि पहिल्या टर्मला पर्यायांवर खूण करायचे प्रश्न ठेवले, म्हणजे लिहिणं अजूनच कमी. हायस्कूलच्या माझ्या मैत्रिणी सांगतात की उत्तर येतं, तोंडी विचारलं तर धडाधडा सांगतात, पण कागदावर चार ओळींच्या पुढे जात नाही.

ऑनलाइन क्लास तर चालू होते ना? सगळ्यांकडे मोबाईल होते. मग मुलं मागे का पडली?

हा प्रश्न पणजी-मडगावची माणसं जास्त विचारतात आणि त्यात त्यांची चूक नाही, त्यांच्याकडे चालत होते.

आमच्याकडे काय होतं ते सांगते. माझ्या वर्गात सतरा मुलं. त्यातल्या अकरा घरांत एकच स्मार्टफोन, आणि तो बापाचा. बाप होंडा किंवा पिसुर्ले गावात कंपनीत कामाला, सकाळी सातला फोन खिशात घालून निघाला की संध्याकाळी येणार. माझा क्लास दहाला. मग मी क्लास रात्री आठला घेऊन बघितला, तर तेव्हा मोठ्या भावाचा कॉलेजचा अभ्यास, आईला माहेरी फोन, आणि पावसात लाईट गेली की टॉवर पण गेला. जून ते सप्टेंबर सत्तरीत लाईट जाणं म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको. सांगे, काणकोण, धारबांदोड्यात शिकवणारी माझ्या ओळखीची माणसं आहेत, त्यांचंही तेच. मोठी मुलं रेंजसाठी सड्यावर, म्हणजे डोंगरावरच्या माळावर जायची, काजूच्या झाडाखाली प्लास्टिक बांधून बसायची, एक छत्री मुलावर आणि एक फोनवर, पायाला जळवा लागायच्या ते वेगळंच. ही मुलं आठवी-नववीची. माझी पहिलीतली पोरं कुठे जाणार सड्यावर?

शेवटी आम्ही दोघींनी ऑनलाइनचा नाद सोडला आणि वर्कशीट काढायला लागलो. हाताने लिहून झेरॉक्स. गावच्या पोसऱ्यावर (किराणा दुकानात) बिस्किटांचा एक मोठा पत्र्याचा डबा होता, पोसरेकार बाबांनी तो रिकामा करून दिला, त्यात सोमवारी वर्कशीट ठेवायच्या, पालक तांदूळ-साखर न्यायला आले की घेऊन जायचे आणि शनिवारी भरलेल्या आणून टाकायचे. परत आलेल्या कागदांना सुक्या बांगड्यांचा वास यायचा. काही पावसात भिजून एकमेकांना चिकटलेले, ते मी चुलीजवळ सुकवायचे आणि मग तपासायचे. एका वर्कशीटवर 'क' च्या ओळीत सगळे 'क' उलटे काढले होते, आरशात बघितल्यासारखे, पूर्ण पान. वर्गात असता तर दुसऱ्याच 'क' ला मी हात धरून वळवला असता. इथे मला कळेपर्यंत पाच दिवस गेले होते आणि त्याने तो उलटा 'क' चाळीस वेळा गिरवला होता. मूल मागे कसं पडलं असं कोण विचारलं की मला ते पान आठवतं.

माझा मुलगा आता सहावीत आहे आणि त्याला नीट वाचता येत नाही. तो मठ्ठ आहे का?

नाही. हे मी अगदी मनापासून सांगते, नाही.

हिशेब बघा. जून २०२० ला पहिलीत आला, २०२५-२६ ला सहावीत. पहिली-दुसरी ही वाचायला शिकायची वर्षं, तीच गेली. तिसरीत येऊन बसला तर पुस्तक तिसरीचं, त्यात उतारे आणि त्यावर प्रश्न, आणि याला जोडाक्षर येत नाही. आम्ही मागचं शिकवायचा प्रयत्न केला, पण सिलॅबस पण पुरा करायचा असतो आणि वर्ष संपलं की मूल पुढच्या वर्गात जातं. हायस्कूलला गेल्यावर तिथल्या सरांना वाटतं हे प्राथमिकने करायला हवं होतं. मधल्या मध्ये मूल राहिलं.

आणि तुमचं एकट्याचं नाही. असर नावाचा सर्व्हे देशभर ग्रामीण भागात घरोघरी जाऊन होतो. त्यात तिसरीतल्या मुलांना दुसरीचा उतारा वाचता येतो का बघतात. २०१८ ला २७.३ टक्के मुलांना येत होता, २०२२ ला ते २०.५ टक्क्यांवर आलं. म्हणजे आधीही परिस्थिती काही चांगली नव्हती, पण कोविडने अजून खाली ओढली. २०२४ च्या सर्व्हेत हा आकडा परत २७.१ वर आला आणि पेपरात बातम्या आल्या की नुकसान भरून निघालं. मला त्या बातम्या वाचून राग आला. कारण २०२४ ला जी मुलं तिसरीत होती ती पहिलीला बसली २०२२ मध्ये, शाळा उघडल्यावर. ती वेगळी मुलं! ज्यांची पहिली-दुसरी बुडाली ती तोपर्यंत पाचवीत पोचली होती, तिसरीच्या या आकड्यात ती नाहीतच. आकडा परत वर आला, मुलं तिथेच आहेत.

केंद्राची निपुण भारत योजना जुलै २०२१ ला आली, तिसरीपर्यंत प्रत्येक मुलाला वाचता-मोजता यायला हवं म्हणून, २०२६-२७ पर्यंत. योजना चांगली आहे, आम्हाला तिचा उपयोग होतो. पण ती लहान वर्गांसाठी. सहावी-सातवीतल्या मुलांसाठी हायस्कूलमध्ये रोज अर्धा तास फक्त वाचनाचा ठेवा हे मी भेटेल त्या मुख्याध्यापकांना सांगते. पीटीएच्या (पालक-शिक्षक संघाच्या) मीटिंगमध्ये तुम्ही पण मागा, शिक्षकाने मागितलं तर तक्रार वाटते, पालकाने मागितलं तर ऐकतात.

शिक्षकांनी तर दोन वर्षं घरी बसून पगार घेतला, त्यांना काय त्रास?

हा प्रश्न मला तोंडावर विचारलाय, आणि बसमध्ये मागच्या सीटवरून ऐकलाय पण.

पगार मिळाला, हो. सरकारी शिक्षकाचा पगार थांबला नाही आणि हॉटेलात, शॅकवर, टॅक्सीवर असलेल्या माणसांचं सगळं बुडालं तेव्हा आम्ही सुरक्षित होतो हे मी कबूल करते. माझा स्वतःचा दीर किनाऱ्यावर कामाला होता, आठ महिने घरी होता.

पण घरी बसलो हे खरं नाही. एप्रिल २०२० मध्ये घरोघरी सर्व्हे झाला त्यात आम्ही शिक्षक होतो, हातात फॉर्म, तोंडाला घरी शिवलेला कापडी मास्क, आणि काही घरांनी दारच उघडलं नाही, खिडकीतून बोलले. डिसेंबर २०२० ला जिल्हा पंचायतीच्या निवडणुका झाल्या, ड्युटी कोणाला? शिक्षकांना. घरी माझी सासू डायबिटीसची, मी ड्युटीवरून आले की मागच्या दाराने न्हाणीत जायचे, आंघोळ करून, कपडे गरम पाण्यात टाकून मग आत. असं महिनोनमहिने.

आणि शिकवणं. पन्नाशीच्या पुढच्या आमच्या एक बाई, निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली, त्यांनी आयुष्यात कधी व्हिडिओ कॉल केला नव्हता. त्यांचा पहिला क्लास झाला तेव्हा मुलं बाईंच्या कपाळाकडेच बघत होती कारण फोन कसा धरायचा ते माहीत नव्हतं, आणि मागून कोणाचे तरी काका ओरडले की बाईंना काय येत नाही. त्या क्लास संपल्यावर मला फोन करून रडल्या. तीस वर्षं ज्यांनी गाव शिकवलं त्यांना त्या दिवशी मूर्ख ठरवलं गेलं. पुढच्या महिन्यात नातीकडून शिकून त्यांनी फळ्याचे व्हिडिओ करायला सुरुवात केली, स्टुलावर डबे रचून त्यावर फोन ठेवून. फोन स्वतःचा, रिचार्ज स्वतःचा, वेळ रात्री अकरापर्यंत, कारण पालक तेव्हा मेसेज करतात.

दुसऱ्या लाटेत आमच्या ओळखीतले एक सर गेले. गणित शिकवायचे. त्यांच्या वर्गाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर त्यांचा शेवटचा मेसेज होता, उद्या अपूर्णांक, वही काढून बसा. मुलांनी तो ग्रुप अजून डिलीट केलेला नाही.

मग खरा फटका स्टाफपैकी कोणाला बसला?

ज्यांच्याबद्दल कोणीच विचारत नाही त्यांना. लेक्चर बेसिसवरचे शिक्षक, लेक्चर नाही तर पैसे नाहीत. कंत्राटी माणसं, ज्यांना पुढच्या वर्षी ऑर्डर मिळेल की नाही माहीत नाही. खाजगी बालवाड्या चालवणाऱ्या बायका, त्यांनी भाडं भरता भरता शेवटी खेळणी विकली. घरी ट्यूशन घेणाऱ्या मुली. शाळेच्या गेटवर चणे-बोरं विकणारी म्हातारी, ती स्टाफ नाही, पण माझ्या मते आहे.

आणि माध्यान्ह आहारवाल्या ताया. गोव्यात शाळेतलं जेवण बहुतेक ठिकाणी महिलांचे स्वयंसहाय्य गट देतात, पाव-भाजी, पुलाव असं. शाळा बंद झाली की काम बंद. मुलांना त्या काळात कोरडा शिधा आणि पैसे असं दिलं गेलं, ते बरोबरच होतं, पण ज्या बाईने पहाटे चारला उठून भाजी करायची तिच्या हातात काय आलं? आमच्या गावाजवळच्या गटातल्या एकीने मोठी भांडी विकायला काढली होती, मी म्हटलं थांब गं, शाळा उघडेल. ती म्हणाली, बाई, कधी? मला उत्तर देता आलं नाही.

मुलांना शाळेत नेणाऱ्या बालरथ बसचे ड्रायव्हर आणि अटेंडंट, त्यांचंही तेच अधांतरी. बसच्या चाकाखाली गवत वाढलं होतं.

फी भरायला जमलं नाही म्हणून आम्ही मुलीला खाजगीतून काढून सरकारी शाळेत घातलं. तिचं नुकसान केलं का?

नाही केलं. तुमच्यासारखे खूप आहेत, त्याच असरप्रमाणे देशात ग्रामीण भागात सरकारी शाळेत जाणाऱ्या मुलांचं प्रमाण २०१८ ला ६५.६ टक्के होतं ते २०२२ ला ७२.९ झालं. गोव्यात खाण २०१८ पासून बंदच होती, वर हे. ट्रकवाले, हॉटेलवाले, बोटीवर जाणारे तारवटी, सगळ्यांचं एकदम थांबलं. माध्यम बदललं असेल, इंग्रजीतून मराठीत किंवा कोकणीत, तर पहिलं वर्ष जड जातं, तेवढं सांभाळा.

आमच्या शाळेतली कामगारांची मुलं कुठे गेली?

कर्नाटक, बिहार, झारखंडमधून आलेली कुटुंबं लॉकडाऊनमध्ये गावी गेली. काही परत आली, काही आली नाहीत. माझ्या वर्गात एक मुलगी होती, घरी कन्नड, शाळेत मराठी, आणि वर्गात सगळ्यात स्वच्छ अक्षर तिचं. हजेरीत तिचं नाव कितीतरी दिवस ठेवलं. दिलेला फोन नंबर लागत नव्हता. तुमच्या वाड्यावर असं मूल परत आलेलं दिसलं आणि कागद नाहीत म्हणून घरी बसलं असेल तर त्याला शाळेत घेऊन या. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे दाखला नाही म्हणून सहा ते चौदाच्या मुलाला प्रवेश नाकारता येत नाही, वयाप्रमाणे वर्गात घ्यावंच लागतं.

मोबाईल आपणच हातात दिला, आता सुटत नाही. काय करायचं?

ओरडून काढून घेऊ नका, दोन दिवस टिकतं. माझा अनुभव असा की जेवताना आणि झोपताना फोन नाही हा नियम घरातल्या सगळ्यांना लावला तरच चालतो, बापाला पण. डोळ्यांचं लांबचं दिसत नसेल, फळ्यावरचं दुसऱ्याच्या वहीतून उतरवत असेल तर आधी नंबर तपासा, मी तीन मुलांना अभ्यासात लक्ष नाही म्हणून ओरडले होते आणि तिघांना चष्मा लागला. रोज निदान दोन तास उजेडात बाहेर खेळलं तर लहान वयात चष्मा लागायचं प्रमाण कमी होतं असं डोळ्यांचे डॉक्टर सांगतात. गोव्यात अंगण आहे, ते वापरा.

कोविडमध्ये आई किंवा वडील गेलेल्या मुलांना अजून काही मदत मिळते का?

ज्यांचे दोन्ही पालक गेले त्यांच्यासाठी पीएम केअर्स फॉर चिल्ड्रन योजना २९ मे २०२१ ला आली. त्यात मुलाच्या नावाने रक्कम ठेवतात, अठरा ते तेवीस वयात महिन्याला ठरावीक पैसे आणि तेवीस पूर्ण झाल्यावर १० लाख. ११ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ या काळातले मृत्यू त्यात धरले. नोंद तेव्हाच झाली असेल तर खात्याचे कागद आणि पासबुक सांभाळून ठेवा, मूल अठराचं होईल तेव्हा लागतील.

एकच पालक गेला असेल तर ही योजना नाही, आणि अशीच मुलं जास्त आहेत. त्यांनी जिल्हा बाल संरक्षण कक्षात जाऊन मिशन वात्सल्यमधल्या स्पॉन्सरशिपबद्दल विचारावं, पात्र मुलाला महिन्याला ४,००० रुपये मिळतात. विधवा आईसाठी दयानंद सामाजिक सुरक्षा योजना आहेच. फॉर्म भरायला कठीण वाटलं तर शाळेत या, आम्ही भरून देऊ, त्यात उपकार नाहीत.

मुलगी दहावीत आहे, एकदम गप्प झालीय. कोविडमुळे असेल का?

असेलही, नसेलही, ते मी सांगू शकत नाही आणि तुम्हीही अंदाजाने ठरवू नका. तेव्हा ती पाचवी-सहावीत होती, मैत्रिणी तोडून घरात बसवायचं ते वय नव्हे. शाळेत काउन्सेलर येतात, त्यांची वेळ मुख्याध्यापकांना विचारा. टेलिमानस ही मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन आहे, १४४१६ वर फोन फुकट, दिवसरात्र, मराठीत बोलता येतं. मूल संकटात असेल तर १०९८. बांबोळीला मनोविकार संस्थेत जायला लोक लाजतात, लाजू नका, तापाला डॉक्टरकडे जातो तसंच ते आहे. आणि शिक्षकांनो, तुम्ही पण. १४४१६ वर मी स्वतः बोललेय.

कॉलेजवाल्यांचं काय?

मला कॉलेजचं जवळून माहीत नाही, एवढंच सांगते की प्रॅक्टिकल बुडाले ते भरून आले नाहीत. केमिस्ट्रीची मुलं व्हिडिओत टायट्रेशन बघून पास झाली, आयटीआयची मुलं मशीनला हात न लावता. शेवटच्या वर्षाच्या परीक्षा घ्यायच्या की नाही यावर सुप्रीम कोर्टाने २८ ऑगस्ट २०२० ला निकाल दिला तोपर्यंत ती मुलं अधांतरी होती, त्यातल्या काहींच्या ठरलेल्या नोकऱ्या गेल्या.

सहावीच्या मुलाला पहिलीचं पुस्तक वाचायला दिलं तर त्याला लाज वाटते. मग शिकवायचं कसं?

पहिलीचं पुस्तक देऊच नका. बारा वर्षांच्या मुलाला कमळ, बदक नको असतं. त्याला आवडतं ते द्या, फुटबॉलची बातमी, गाडीची जाहिरात, गणेशचतुर्थीला गणपतीच्या वर बांधतात त्या माटोळीला काय काय बांधायचं त्याची यादी. मोठ्या अक्षरात चार ओळी, रोज त्याच चार ओळी तीन दिवस. पहिल्या दिवशी तुम्ही वाचा आणि तो ऐकेल, दुसऱ्या दिवशी दोघं मिळून, तिसऱ्या दिवशी तो एकटा. चुकला तर शब्द सांगा आणि पुढे चला, तिथेच अडवून परत परत म्हणायला लावू नका. पंधरा मिनिटं पुरे, पण रोज. लिहायला येत नसेल तर घरातली सामानाची यादी त्याच्याकडून लिहून घ्या, चुकीची लिहिली तरी तीच यादी घेऊन दुकानात जा.

घरात लहान भावंड असेल तर अजून बरं, त्याला वाचून दाखव म्हणून सांगा. मग पुस्तक पहिलीचं असलं तरी लाज नाही, कारण ते त्याचं नाहीच, धाकटीचं आहे.

ज्याने पानभर उलटा 'क' काढला होता तो आता हायस्कूलला आहे. मंगळवारी आणि शुक्रवारी संध्याकाळी पाचला तो आणि अजून सहाजण आमच्या शाळेच्या व्हरांड्यात वाचायला येतात, जवळपासच्या वाड्यावरचं कोणाचं मूल असेल तर पाठवा. वही नको, फक्त पाण्याची बाटली द्या. पावसात सहालाच काळोख होतो, तेव्हा न्यायला कोणीतरी या.